न फेकलेल्या चेंडूची किंमत



ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते, त्या वकीलसाहेबांनी आयुष्यभर कामगारांचे पगारकरार लढवले. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून अमेरिकेतल्या कोट्यधीश खेळाडूंच्या कमाईबद्दल बोलणं हा आगाऊपणा आहे, असं निमंत्रणपत्रिका हातात पडल्यावर दोघातिघांनी मला सुनावलं. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. माझी बाजू एवढीच, की अंगमेहनतीची किंमत ठरवताना मालक आणि राबणारा जे जे डाव टाकतात, ते इतके उघड्यावर, कलमांसकट आणि आकड्यांसकट बघायला मिळतात असा दुसरा धंदा मला माहीत नाही.

३ जून २०२४ रोजी मिनेसोटा वायकिंग्ज या क्लबने जस्टिन जेफरसन या पंचविशीला टेकलेल्या खेळाडूशी करार केला. चार वर्षांची मुदतवाढ, १४ कोटी डॉलर; वर्षाची सरासरी साडेतीन कोटी. क्वार्टरबॅक सोडले तर अमेरिकन फुटबॉलमध्ये तोवर कुणालाही एवढी सरासरी मिळाली नव्हती. हा गृहस्थ करतो काय? धावतो आणि चेंडू झेलतो. २०२२चा मोसम त्याचा तोवरचा सगळ्यांत मोठा. त्या मोसमात त्याने १७ सामन्यांत १२८ झेल घेतले, १८०९ यार्ड मिळवले. म्हणजे सामन्याला साडेसात झेल. भागाकार करायला बसलं की एकेका झेलाची किंमत ऐकून भोवळ येते. पण तो भागाकारच चुकीचा आहे, आणि का चुकीचा आहे हे सांगण्यातच माझा आजचा बराचसा वेळ जाणार आहे.

आपल्याकडे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा खेळ. अमेरिकन फुटबॉलमध्ये पायाने मारायचं काम बेताचंच. अकराजण चेंडू पुढे नेणार, समोरचे अकरा अडवणार. चार प्रयत्नांत दहा यार्ड गाठले की पुढचे चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू गेला. चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक. मधल्या रेटारेटीपासून लांब, मैदानाच्या कडेला उभा असतो तो वाइड रिसीव्हर. त्याच्यासमोर त्याला धरून राहायला नेमलेला कॉर्नरबॅक. एवढी ओळख आज पुरेल.

रिसीव्हर वाटेल तसा धावत नाही. दर खेपेला त्याचा मार्ग ठरलेला असतो, त्याला रूट म्हणतात. समजा, बारा यार्ड सरळ जाऊन आत वळायचं आहे. चेंडू हलला की कॉर्नरबॅक त्याच्या छातीवर पंजे टेकवून त्याला जागच्या जागी रोखू बघतो. १९७८ साली नियम बदलला तेव्हापासून पाच यार्डांपलीकडे असा हात लावायला बंदी आहे. त्याआधी बिचाऱ्याला पुढेही धक्के खात जावं लागे. पंजे झटकून तो सुटतो आणि असा धावतो, की समोरच्याला वाटावं हा आता थेट गोलरेषेलाच जाऊन थांबणार. मग कंबर खाली जाते, खांदे मात्र तसेच पुढे झुकलेले राहतात. खांदे उचलले गेले की गुपित फुटलं. बाहेरचा पाय रोवला जातो, दोन पावलांत सगळा वेग मारला जातो आणि तो आत वळतो. गंमत अशी, की चेंडू बऱ्याचदा त्याआधीच क्वार्टरबॅकच्या हातून सुटलेला असतो. चेंडू हलल्यापासून सुटेपर्यंत जेमतेम अडीच सेकंद. रिसीव्हर मान वळवतो तेव्हा चेंडू निम्म्या वाटेत असतो. दोघांपैकी एकाचा अंदाज पाऊलभर चुकला तर झेल तिसऱ्याच्या हातात.

असा तो सामन्यात तीस-चाळीस वेळा धावतो. त्यातल्या आठ-दहा वेळा चेंडू त्याच्याकडे येतो. बाकीच्या धावांचं काय? प्रतिपक्षाच्या प्रशिक्षकाला विचारलं तर तो सांगेल, की त्याचा आठवडा त्या बाकीच्या धावांच्या धास्तीतच गेला. जेफरसन ज्या कडेला उभा राहतो तिकडे एक जादा बचावपटू सरकतो. तो सरकला की मध्यभागी जागा रिकामी पडते, आणि तिथे दुसराच कुणीतरी आरामात चेंडू झेलून पंधरा यार्ड काढतो. नोंदवहीत नाव त्या दुसऱ्याचं. ज्याच्या भीतीने ती जागा रिकामी झाली, त्याच्या नावापुढे त्या खेपेस शून्य. संघाची बैठक पगाराबद्दल बसते तेव्हा खरा मोलभाव या शून्यांचा चालू असतो, आणि ती शून्यं मोजायचं यंत्र अजून कुणाला सापडलेलं नाही.

मोजल्या जाणाऱ्या खेपेचं तरी काय? १३ नोव्हेंबर २०२२, बफेलो बिल्सच्या मैदानावरचा सामना. वायकिंग्ज १०-२७ असे मागे पडून वर आले होते. शेवटची दोन मिनिटं, अखेरचा म्हणजे चौथा प्रयत्न, आणि गाठायचे अठरा यार्ड. क्वार्टरबॅक कर्क कझिन्सने चेंडू जवळजवळ देवावर हवाला ठेवूनच फेकला. बचावपटूचे दोन्ही हात चेंडूला लागले होते. जेफरसनने मागे झुकत, हवेत, एका हाताने तो ओढून घेतला आणि तसाच पाठीवर पडला. पुढे जादा वेळेत वायकिंग्जनी सामना ३३-३० असा जिंकला. नोंदवहीत त्या खेपेपुढे काय लिहिलं गेलं? एक झेल, ३२ यार्ड. मोकळ्या मैदानात, आसपास चिटपाखरू नसताना मिळालेले ३२ यार्डही तिथे तसेच लिहिले जातात.

तेव्हा नुसत्या यार्डांवर विसंबणाऱ्याची फसगत ठरलेली. डेट्रॉइट लायन्सच्या कॅल्विन जॉन्सनने २०१२च्या मोसमात १९६४ यार्ड केले. लीगच्या इतिहासातला तो विक्रम. पण त्या अख्ख्या मोसमात त्याच्या नावावर टचडाउन, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेल्याचे प्रसंग, फक्त पाच, आणि लायन्स १६ पैकी १२ सामने हरले. मागे पडलेला संघ सारखा चेंडू फेकत सुटतो, आणि फेकायला भरवशाचा माणूस एकच असला की त्याचे यार्ड फुगतात. म्हणून जॉन्सन लहान ठरत नाही. त्याला दोघा-तिघांनी घेरलेलं असतानाही तो झेलत होता, हे ज्यांनी पाहिलं त्यांना माहीत आहे. पण विक्रम आणि उपयोग या दोन गोष्टी एकाच रकान्यात बसत नाहीत.

उलट बाजू बघा. रँडी मॉस २००६ साली ओकलंड रेडर्समध्ये होता. ४२ झेल, ५५३ यार्ड, तीन टचडाउन. घोडा म्हातारा झाला, आता लक्षही देत नाही, असं सगळीकडे छापून आलं. पुढच्या एप्रिलमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी त्याला ड्राफ्टमधल्या, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वाटपातल्या, चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात, म्हणजे जवळपास भंगाराच्या भावात, उचललं. चेंडू फेकायला टॉम ब्रेडी. त्या मोसमात मॉसचे ९८ झेल, १४९३ यार्ड आणि २३ टचडाउन. एका मोसमातल्या झेलांवरच्या टचडाउनचा विक्रम. माणूस तोच, पाय तेच, वय उलट एका वर्षाने वाढलेलं. मग २००६चे आकडे मॉसचे म्हणायचे की ओकलंडचे?

यावरून कुणी म्हणेल, सगळं श्रेय क्वार्टरबॅकचं. तसंही नाही. सॅम डार्नल्ड हा क्वार्टरबॅक न्यू यॉर्क, कॅरोलायना, सॅन फ्रान्सिस्को असा दारोदार फिरून २०२४ साली मिनेसोटात आला. त्याच्याकडून कुणाची फारशी अपेक्षा नव्हती. जेफरसनकडे फेकायला लागल्यावर त्याने ३५ टचडाउन केले, संघाने १४ सामने जिंकले, आणि मोसम संपल्यावर सिॲटलने डार्नल्डला तीन वर्षांसाठी १० कोटी डॉलरच्या घरातला करार दिला. त्या करारात जेफरसनचा वाटा किती होता, हे सिॲटलच्या हिशेबनीसाला विचारायला हवं. जेफरसनला त्यातला छदामही मिळाला नाही, हे नक्की.

संख्याशास्त्रवाल्यांनी या गुंत्यात हात घातलाय आणि त्यांचं काम मी कमी लेखत नाही. गेली दहाएक वर्षं प्रत्येक खेळाडूच्या दोन्ही खांद्यांच्या पॅडमध्ये नाणंभर आकाराची चिप असते, आणि तो मैदानावर कुठे आहे हे सेकंदाला दहा वेळा नोंदलं जातं. चेंडू पोचतेवेळी रिसीव्हर आणि जवळचा बचावपटू यांच्यात किती यार्ड अंतर होतं, तेही छापून येतं. नवशिका वाचक म्हणतो, ज्याचं अंतर जास्त तो मोठा. प्रत्यक्षात ज्याच्यावर क्वार्टरबॅकचा पक्का भरवसा असतो, त्याच्याकडे चेंडू तो घेरलेला असतानाही जातो, आणि त्याचं सरासरी अंतर त्यामुळेच कमी दिसतं. ज्याची कुणाला धास्ती नाही त्याला चार यार्डांवर मोकळं सोडलेलं असतं, तिथे तो झेल घेतो आणि तक्त्यात वर चढतो. बफेलोतल्या त्या झेलाच्या वेळी अंतर शून्य होतं, हे विसरू नका.

माझ्या मते त्यातल्या त्यात प्रामाणिक आकडा म्हणजे प्रत्येक रूटमागे मिळालेले यार्ड. चेंडू आला नाही त्या धावाही यात भागाकारात येतात, त्यामुळे हरणाऱ्या संघातल्या फुगवट्याला जरा टाचणी लागते. दोनच्या वर गेला तो चांगला, तीनच्या आसपास गेला तर विरळा. पण हा आकडासुद्धा क्वार्टरबॅक कोण आणि शेजारचा रिसीव्हर कोण हे सांगत नाही. शेवटी जुन्या पद्धतीने अंधाऱ्या खोलीत बसून फिल्म बघावी लागते, मागेपुढे करून, पायांकडे बघत. एवढ्या चिपा लावूनही क्लब या कामासाठी माणसं पोसतात, यातच सगळं आलं.

आणि फिल्म बघणारेही तोंडघशी पडतात. २०२० साली वायकिंग्जनी आपला नावाजलेला रिसीव्हर स्टेफॉन डिग्ज बफेलोला दिला आणि मुख्यतः ड्राफ्टमधली २२वी निवड घेतली. ड्राफ्टच्या दिवशी २१व्या क्रमांकाला फिलाडेल्फिया ईगल्सची पाळी होती. त्यांनाही रिसीव्हरच हवा होता. त्यांनी जेलेन रेगर घेतला. लगेच पुढच्या पाळीला वायकिंग्जनी जेफरसन घेतला. दोन वर्षांनी फिलाडेल्फियाने रेगरला विकलं, तेही मिनेसोटालाच. डिग्जने बफेलोत पहिल्याच मोसमात लीगमध्ये सर्वांत जास्त झेल आणि यार्ड केले, म्हणजे त्या सौद्यात बफेलोही नफ्यात राहिलं. कुणीतरी फसलं म्हणूनच दुसऱ्याचा फायदा झाला, असा नियम या बाजारात नाही.

आता पैशांकडे येतो. वकीलसाहेबांना खरा रस इथून पुढे वाटला असता.

आयपीएलचा लिलाव आपण सगळे टीव्हीवर बघतो. लखनौने २०२४च्या नोव्हेंबरमध्ये ऋषभ पंतला २७ कोटी रुपयांना घेतलं, फलक वर-खाली होत काही मिनिटांत भाव ठरला. अमेरिकन फुटबॉलमध्ये भाव ठरायला पिढ्या लागल्या. एकेकाळी करार संपला तरी खेळाडू मोकळा होत नसे. नव्या क्लबने जुन्या क्लबला काय भरपाई द्यायची ते लीगचा आयुक्त ठरवी, आणि त्या धास्तीने कुणी दुसऱ्याच्या खेळाडूला हातच लावत नसे. बाल्टिमोरचा जॉन मॅकी, खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष, या नियमाविरुद्ध कोर्टात गेला आणि १९७६ साली जिंकला. त्यानंतरही मालकांनी वेगवेगळ्या पाचरा मारल्याच. १९८७चा संप तर फसला, कारण मालकांनी बदली खेळाडू उभे करून सामने सुरू ठेवले. गिरणी संपाच्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. संपाने जे मिळालं नाही ते फ्रीमन मॅकनील आणि इतर खेळाडूंनी १९९२ साली मिनियापोलिसच्या ज्यूरीकडून मिळवलं. १९९३पासून करार संपलेला खेळाडू मोकळा झाला. त्याच्या बदल्यात मालकांनी १९९४पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा घालून घेतली, ती सॅलरी कॅप. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, २०२४ साली २५ कोटी ५४ लाख.

या कॅपमुळे इथला प्रत्येक पगार दुसऱ्या कुणाच्या तरी पगारातून येतो. रिसीव्हरला साडेतीन कोटी दिले की ते सोडून उरलेल्यात बावन्न माणसं बसवायची असतात. म्हणून नुसता डॉलरचा आकडा सांगण्यापेक्षा कॅपमधला वाटा सांगावा. मी गणित करून पाहिलं. २०१२ साली कॅल्विन जॉन्सनला आठ वर्षांचा १३ कोटी २० लाखांपर्यंत जाणारा करार मिळाला. सरासरी १ कोटी ६५ लाख. त्या वर्षीची कॅप १२ कोटी ६ लाख होती. वाटा १३.७ टक्के. जेफरसनचे साडेतीन कोटी २०२४च्या कॅपमध्ये किती? तेही १३.७ टक्के. बारा वर्षं वर्तमानपत्रं ‘रिसीव्हरांचे भाव गगनाला भिडले’ म्हणून ओरडत होती, आणि पहिल्या प्रतीच्या रिसीव्हरचा वाटा जागचा हललेला नव्हता.

बदललं ते दुसरंच. जॉन्सनच्या १३ कोटी २० लाखांपैकी हमी होती सुमारे सहा कोटींची, म्हणजे निम्म्याहून कमी. जेफरसनच्या १४ कोटींपैकी ११ कोटींची हमी आहे. जॉन्सन आठ वर्षांना बांधला गेला. जेफरसन एकोणतिशीत, अंगात धमक असतानाच, पुन्हा वाटाघाटीला बसू शकतो. बेसबॉल आणि बास्केटबॉलमध्ये करारातले पैसे बहुतेक पक्के असतात. फुटबॉलमध्ये, जिथे हाडं सर्वांत जास्त मोडतात तिथे, क्लबला खेळाडू नको झाला की उरलेला करार केराच्या टोपलीत. हमीचे जेवढे असतील तेवढेच खरे. कोणत्याही कराराची बातमी आली की मी एकूण आकडा वाचतच नाही, हमीचा शोधतो. त्यातही सही झाल्या क्षणी किती पक्के, दुखापत झाली तरच पक्के किती, आणि अमुक तारखेला संघात असला तर पक्के किती, असे थर असतात. मोठा आकडा खेळाडूच्या एजंटच्या मिरवण्यासाठी असतो.

मिरवण्याचा नमुना टायरीक हिल. २०२२च्या मार्चमध्ये कॅन्सस सिटी चीफ्सनी लीगमधला हा सर्वांत वेगवान समजला जाणारा रिसीव्हर मायामी डॉल्फिन्सना दिला आणि पाच ड्राफ्ट निवडी घेतल्या. मायामीने त्याला चार वर्षांचे १२ कोटी दिले. सरासरी बरोब्बर तीन कोटी, म्हणजे मथळ्याला साजेशी. पण त्यातले साडेचार कोटींच्या आसपासचे पैसे शेवटच्या एका वर्षात कोंबले होते, आणि ते वर्ष त्या आकड्याने कधी उजाडणार नाही हे सही करणाऱ्या दोन्ही बाजूंना माहीत होतं. ते काढून टाकलं तर उरतात तीन वर्षांचे साडेसात कोटी, सरासरी अडीच. पुढे २०२४च्या ऑगस्टमध्ये तो करार खरोखरच नव्याने लिहिला गेला.

आता या सौद्यात शहाणं कोण ठरलं? हिलने मायामीत पहिल्या वर्षी १७१० यार्ड केले, दुसऱ्या वर्षी १७९९ यार्ड, लीगमध्ये सर्वांत जास्त. दोन्ही वर्षी मायामी प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, पहिल्याच सामन्यात गारद. कॅन्सस सिटीने हिलशिवाय लागोपाठ दोन सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले. चहाच्या टपरीवरचा निकाल एका वाक्याचा: हिलची गरजच नव्हती. मला हा निकाल उथळ वाटतो. हिल गेल्यावर पहिल्या मोसमात, २०२२ साली, क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सचे यार्ड ५२५० होते खरे, पण २०२३ साली ते ४१८३ वर आले. त्या मोसमात चीफ्सच्या रिसीव्हरांच्या हातून सोपे चेंडू सुटताना पाहून घरचे प्रेक्षकही हुर्यो करत होते. हिलची उणीव भासत होतीच. ती भरून काढली बचावाने, आणि त्या बचावातला कॉर्नरबॅक ट्रेंट मॅकडफी हिलच्या बदल्यात आलेली निवड पुढे सरकवूनच मिळवलेला होता. म्हणजे हिल गेला आणि काही फरक पडला नाही, असं झालं नाही. फरक पडला, तो परवडेल अशा ठिकाणी पडू दिला.

१३ जानेवारी २०२४ रोजी हिल प्लेऑफसाठी पुन्हा कॅन्सस सिटीत आला, मायामीच्या बाजूने. तापमान उणे वीस सेल्सिअस. मायामी ७-२६ हरली. त्यांचा एकमेव टचडाउन हिलचा, ५३ यार्डांचा. मायामीने ज्यासाठी पैसे मोजले ते त्याने त्याही थंडीत केलं. ज्यासाठी मोजले नव्हते ते बाकी सगळं मायामीकडे नव्हतं. २९ सप्टेंबर २०२५ रोजी एका सामन्यात त्याचा गुडघा निखळला. तेव्हा त्याचं वय ३१.

गुडघा आणि घोटा हे या बाजारातले खरे दलाल. न्यू ऑर्लीन्स सेंट्सच्या मायकल थॉमसने २०१९च्या जुलैमध्ये पाच वर्षांच्या १० कोटींच्या करारावर सही केली आणि त्याच मोसमात १४९ झेल घेऊन एका मोसमातला विक्रम केला. पुढच्या मोसमाच्या पहिल्याच सामन्यात घोटा दुखावला. तो मोसम धरून तीन मोसमांत मिळून तो दहा सामने खेळला. सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्रँडन अयुकने २०२४च्या ऑगस्टअखेर १२ कोटींचा करार केला. ऑक्टोबरमध्ये गुडघ्याचे अस्थिबंध तुटले. अशा वेळी लोक म्हणतात, ‘करार फसला.’ कुणाच्या दृष्टीने? क्लबने हमी दिली तेव्हा हा धोका पगाराच्या यादीत लिहूनच विकत घेतला होता. हमी नसती तर तोच धोका खेळाडूच्या अंगावर राहिला असता, आणि तेव्हा कुणी ‘करार फसला’ म्हणालं नसतं. म्हणून माझं म्हणणं असं, की हे करार कामगिरीचं बक्षीस नसतात. उद्या शरीर दगा देईल तेव्हा भुर्दंड कुणी सोसायचा, याची ती वाटणी असते. पूर्वी तो बहुतांशी खेळाडू सोसायचा. आता निम्म्याहून जास्त क्लब सोसतो, आणि पन्नास वर्षांच्या कोर्टकचेरीची कमाई मोजायचीच तर मी ती इथे मोजेन.

खेळाडू मात्र याच कराराकडे थकबाकी म्हणून बघतो, आणि त्यालाही कारण आहे. २०११च्या सामूहिक करारापासून नव्या खेळाडूचा पगार ड्राफ्टमधल्या क्रमांकाने ठरतो, आणि पहिली तीन वर्षं त्यात बदल करता येत नाही. जेफरसनने पहिल्या चार मोसमांत ५८९९ यार्ड केले. त्या चारही वर्षांच्या कराराची रक्कम मिळून सुमारे १ कोटी ३१ लाख. म्हणजे सर्वोत्तम वर्षं स्वस्तात जातात आणि मोठे पैसे उतार जवळ आल्यावर येतात. क्लब म्हणतो, आम्ही उद्यासाठी देतोय. खेळाडू मनात म्हणतो, कालचे द्या. दोघेही एकाच कागदावर सही करतात.

हे सगळं एकाच ठिकाणी बघायचं तर लॉस एंजेलिस रॅम्स. क्वार्टरबॅक तोच, प्रशिक्षक तोच, रिसीव्हर दोन. कूपर कप २०१७ साली तिसऱ्या फेरीत घेतलेला, फारसं नाव नसलेल्या ईस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठाचा. २०२१ साली त्याने १४५ झेल, १९४७ यार्ड, १६ टचडाउन केले. तिन्ही रकान्यांत लीगमध्ये पहिला, आणि वर सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू. २०२२च्या जूनमध्ये क्लबने त्याचा करार वाढवला, साडेसात कोटींच्या हमीसह. त्याच वर्षी घोटा गेला. २०२३च्या सुरुवातीला तो पुन्हा जायबंदी होता, म्हणून पुका नाकुआ नावाच्या पाचव्या फेरीतल्या पोराला उभं केलं. पोराने पहिल्या दोन सामन्यांत २५ झेल घेतले, आणि मोसमाअखेर १०५ झेल, १४८६ यार्ड. नवख्या खेळाडूसाठी त्या वेळी दोन्ही विक्रम. त्याचा करार चार वर्षांचे मिळून जेमतेम ४० लाख डॉलर.

मग कप महाग पडला का? नाकुआ जे रूट धावत होता त्यांतले कित्येक कपसाठी बेतलेले होते, आणि कपने ती पद्धत प्रशिक्षकासोबत वर्षानुवर्षं घासूनपुसून घेतली होती. त्याचं मोल कुठल्या कलमात लावायचं? रॅम्सनी ते लावलं नाही, कॅप त्यांना ते लावू देत नाही. २०२५च्या मार्चमध्ये त्यांनी कपला मोकळं केलं. तो सिॲटलला, आपल्या मूळ राज्यात गेला, तीन वर्षांच्या साडेचार कोटींवर. ३१ वर्षांचा, २०२१नंतर एकदाही हजार यार्ड न गाठलेला रिसीव्हर, आणि तरीही वर्षाला दीड कोटी. सिॲटलने ते पैसे झेलांसाठी दिले असतील असं मला वाटत नाही.

प्रश्नोत्तरांना वेळ ठेवायला हवा, म्हणून इथे थांबतो.